अकरा पेट्यांतली पानं

माझी बायको पौषात गेली. किडनीचं दुखणं होतं, दीड वर्ष चाललं. भेटायला आलेले म्हणाले, सुटली बिचारी. मी म्हणालो, तुम्ही सुटा आधी. मग माणसं यायची कमी झाली. बरं झालं.

मी सातवी शिकलेला माणूस. गाव रत्नागिरीकडे. फिटर म्हणून चिनहटच्या एका कारखान्यात लागलो आणि लखनौचा झालो. कारखाना बंद पडला तरी परत गेलो नाही, पोरं इथल्या शाळेत होती, आलमबागला दोन खोल्या झाल्या होत्या. आता मुलगा, सून, नात सगळे त्याच दोन खोल्यांवर चढवलेल्या मजल्यात राहतात. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी म्हणतो, "पाणी दे गं." ती म्हणते, "देती हूँ, आबा." पाणी मिळाल्याशी मतलब.

लिहायचं आहे ते आंब्याबद्दल. खरं म्हणजे आंब्याच्या पानांबद्दल.

कारखाना गेल्यावर मला लखनौबाहेर मलिहाबादच्या एका बागवाल्याने पॅकिंगच्या शेडवर देखरेखीला ठेवलं. कारण एवढंच की मी कोकणातला. लहानपणापासून हापूस हाताळलाय, देठ किती ठेवायचा, चीक सालीवर सांडू कसा द्यायचा नाही, ते मला सांगावं लागत नव्हतं. मालक फार गोड बोलणारा. कुणाला नाही म्हणायचा नाही. "देखते हैं" म्हणाला की समजायचं, काम होणार नाही. मी उलटा. जे असेल ते तोंडावर. शेडमधल्या बायका मला पाठीमागे 'कड़वे मियाँ' म्हणायच्या, ते मला माहीत होतं.

शेडवर एक जुना पॅकिंगवाला होता. वयाने माझ्याच बरोबरीचा, पण सगळे त्याला चाचा म्हणायचे म्हणून मीही. चाळीस वर्षं त्याने मंडीत जाणारी खोकी भरलेली. खाली गवत, मग आंबे, मध्ये पानं, परत आंबे. खोकं भरताना त्याचे हात बघत राहावेसे वाटत. आमचं रोजचं भांडण ठरलेलं.

"आपका हापुस तो बीमारों का फल है, भाई साहब. काटिए, चम्मच से खाइए, सो जाइए. दशहरी चूसने की चीज़ है."

"तुमची दशहरी म्हणजे साखरेचं पाणी," मी मराठीतच म्हणायचो.

"बंबई वाले क्या जानें."

मी मुंबईला आयुष्यात तीनदा गेलोय. पण इथे महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस बंबईवाला. वाद घालून थकलो.

सीझनला माझी बायकोही शेडवर यायची. निवडीच्या बायकांत बसायची. लखनौत येऊन इतकी वर्षं झाली तरी तिची हिंदी मोडकी होती, पण सगळ्या बायकांची दुखणी तिलाच माहीत असायची. चाचाला तिने पहिल्या वर्षापासून भाऊ मानलेलं. त्याच्या घरून दहीवडे आले की डबा परत जाताना त्यात काहीतरी घातलेलं असायचं, नारळाची वडी, लाडू, काहीच नसलं तर चमचाभर साखर. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. तिचं जरा जास्तच.

करोनाच्या आधीच्या एका सीझनला मालकाने जपानशी जुळवलं. आधी एक छोटी खेप जाणार, ती पसंत पडली तर पुढे दरवर्षी. त्यासाठी तिकडचे एक म्हातारेसे गृहस्थ आले, बरोबर बोलणं समजावून सांगायला दिल्लीची एक मुलगी. ते तीन दिवस होते. शेडच्या दारात कुणी न सांगता बूट काढायचे. आंबा हातात दिला तर दोन्ही हातांनी घ्यायचे, कमरेत वाकायचे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भेटी दिल्या, झाडणाऱ्या बाईलासुद्धा. कागदात नीट गुंडाळलेलं एकेक चौकोनी सुती कापड, निळं, पांढऱ्या रेघांचं. डबा बांधायला असतं, मुलीने सांगितलं.

माझी बायको घरी येऊन त्या कापडाला इस्त्री करत बसली. म्हणाली, "अहो, हा माणूस अगदी आपल्यातला आहे."

"जपानी आहे तो."

"दोन्ही हातांनी घेतो. बाहेर चपला काढतो. डबा कापडात बांधतो. आणखी काय लागतं?"

मीही मान हलवली. मलाही तसंच वाटलं होतं. आज सांगतो, तिथेच आम्ही फसलो. दोन-चार गोष्टी आपल्यासारख्या दिसल्या की बाकीचं विचारायचंच राहून जातं.

त्या गृहस्थांनी शिकवलं चांगलं. जाळीची खोली करून घेतली, एक माशी आत येणार नाही अशी. हातमोजे, डोक्याला टोप्या. पेटीत एका थरात आंबे, खाली पांढरा कागद. मुलीने नियम वाचून दाखवले. कचरा चालणार नाही, घास, पत्ती, मिट्टी, काही नाही. मग त्या गृहस्थांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? सगळे म्हणाले, "जी, समझ गए." त्यांनी परत विचारलं. परत "जी, समझ गए." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मालक हसून म्हणाला, "साहब, हमारे लोग बहुत होशियार हैं." पान का चालत नाही, एक पान गेलं तर तिकडे काय होतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मी सुद्धा नाही. तोंडावर बोलणारा मी, पण आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत बोलायची मला लाज वाटली.

खेप निघाली त्या दिवशी सरकारी माणूस येऊन पेट्या तपासून गेला. त्यानंतर झाकणं लावायचं काम बायकांचं. माझी बायको शेवटच्या टेबलावर होती. चाचा पेट्या उचलून गाडीत लावत होता. संध्याकाळच्या आत गाडी गेली. मालकाने सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली.

आठवड्याने दुपारी मालकाने आम्हाला बोलावलं; बायको त्या दिवशी शेडवर आली नव्हती. त्याच्या फोनवर दिल्लीच्या मुलीने एक फोटो पाठवला होता. उघडलेली पेटी. आंबे बाजूला काढलेले. पांढऱ्या कागदावर तीन पानांची डहाळी, तोरणाला लावतात तशी नीट ठेवलेली. एक पान उलटं केलेलं आणि त्याच्या शिरेजवळ पांढरी पूड, पिठ्या ढेकूण या किडीची. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला होता. माणूस मेल्यावर पंचनाम्याला काढतात तसा.

सगळी खेप जाळून टाकली होती. तिकडच्या बागांना ती कीड लागली असती.

"किसने किया?" मालकाने विचारलं. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

सगळ्यांच्या नजरा चाचाकडे गेल्या. चाळीस वर्षं खोक्यात पानं घालणारा माणूस दुसरा कोण होता? आणि मी, कड़वे मियाँ, सगळ्यांच्या आधी बोललो. "आदत है इनकी. हाथ रुकता ही नहीं. मना किया था ना, चाचा? सुना नहीं था?"

चाचाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "जी. हमसे ही हुआ होगा."

त्याला त्याच दिवशी काढलं. डोक्याची टोपी आणि हातमोजे काढून त्याने टेबलावर घडी करून ठेवले.

घरी गेलो. बायको पोळ्या लाटत होती. मी रागाने सगळं सांगितलं, फोटोतल्या डहाळीसकट. लाटणं थांबलं.

"ती पानं मी ठेवली," ती म्हणाली.

मला आधी कळेचना.

"दारातल्या झाडाची. धुतली, पुसली. माझ्या टेबलावरच्या अकरा पेट्यांत ठेवली. त्या माणसाने आपल्याला एवढं दिलं. आपल्याकडून काय गेलं? विकत दिलेले आंबे. त्याला काही दिलं असं होतं का ते?"

"पत्ती नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"कचरा नको म्हणाली ती. शुभाची पानं कचरा कशी होतील? आपण दाराला कचऱ्याचं तोरण लावतो का?"

मलाही पान कचरा वाटलं नव्हतंच कधी. पोळी तव्यावर करपली. तिने तवा उतरवला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "उद्या तुमच्याबरोबर येते. मालकांना सांगते. चाचांवर आळ नको."

मी म्हणालो, "तू गप्प बैस. मी बघतो."

मी बघितलं नाही. त्या वयात दारोदार काम मागायची मला भीती वाटली. तिला चारचौघांत उभं करायचं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरी गोष्ट ती भीतीच. आणि चाचाला मी सगळ्यांसमोर बोललो होतो, ते शब्द परत गिळायचे कसे, तेही होतं.

त्यानंतर दिल्लीच्या मुलीचा तीनदा निरोप आला. साहेब विचारतायत, पान पेटीत कसं गेलं? सविस्तर लिहून पाठवा. मालक म्हणाला, "जले पे नमक छिड़क रहे हैं." त्याने लिहून पाठवलं, फार माफी मागतो, ज्याने हे केलं त्या माणसाला काढून टाकलंय. तिकडून परत निरोप आला नाही. व्यवहार संपला. जाळीची खोली पुढच्या वर्षी खतं ठेवायला वापरली.

चाचाला मलिहाबादेत कुठल्याच शेडने घेतलं नाही. परदेशचा माल जाळायला लावणारा, असं नाव झालं होतं. मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसतो, असं कानावर आलं. मी त्या रस्त्याने जाताना बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागलो.

बायको शेडवर परत गेली नाही. दरवर्षी पहिली दशहरी घरात आली की देवापुढे ठेवायची आणि मला विचारायची, "सांगितलंत का?"

"सांगेन."

मग ती तो आंबा नातीला द्यायची. स्वतः खायची नाही. पुढच्या वर्षी परत तेच. मी नोकरी सोडली, गुडघे गेले, तरी तेच. गेल्या उन्हाळ्यात तिला आंबा खायची डॉक्टरांनीच बंदी केली होती. आंबा देवापुढे ठेवला आणि तिने विचारलं, "सांगितलंत का?" मी चिडलो. म्हणालो, किती वर्षं तेच तेच! तिने आंबा उचलून नातीला दिला. परत विचारायला पुढचा उन्हाळा तिला मिळाला नाही.

तिच्या कपड्यांच्या पेटीत ते निळं कापड होतं. नातीने काढलं. तिचं काम कंपनीत, परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. तिने विचारलं हे कुठलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आबा, वो लोग डाँट नहीं रहे थे. वो वजह पूछ रहे थे."

"वजह काय करायचीय त्यांना? माल तर जाळला."

"वजह पता होती तो अगली बार के लिए रास्ता निकालते. आपने आदमी निकाल दिया, वजह बताई ही नहीं. उनके लिए तो वो पत्ता आज भी डिब्बे में है. कभी भी फिर निकल सकता है."

एवढीशी पोर. मी दोन दिवस तेच चघळत होतो. त्यांनी कारण विचारलं होतं आणि आम्ही त्यांना माणूस दिला. आमच्याकडे माणूस दिला की प्रकरण मिटतं. त्यांच्याकडे मिटत नाही. तीनदा विचारलं त्यांनी, आणि तीनदा आम्हाला वाटलं की ते आमची मान पकडतायत.

चैत्र गेला, वैशाख गेला. ज्येष्ठात बस पकडून मलिहाबादला गेलो. सुनेकडून नारळाच्या वड्या करून घेतल्या, डबा त्या निळ्या कापडात बांधला.

चाचा दुकानाबाहेर खाटेवर बसला होता. डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप. मला ओळखायला वेळ लागला. ओळखलं तसा उठायला लागला. मी म्हणालो बसा. डबा पुढे केला. त्याने कापड बोटांनी चाचपलं.

"ये तो भाभी वाला है," तो म्हणाला. "भाभी कैसी हैं?"

मी सांगितलं. त्याने दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटलं. मग डबा मांडीवर घेतला.

मी म्हणालो, "चाचा, वो पत्तियाँ…"

"मालूम है."

"उसने रखी थीं."

"हम सामने ही खड़े थे, भाई साहब. पेटियाँ हम ही तो उठा रहे थे."

"तो बोले क्यों नहीं?"

"भरी मजलिस में किसी के घर की औरत का नाम लेते?" मी काहीतरी अचरट विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "आपके सामने? और आप उस वक़्त हमें डाँट रहे थे. हमने सोचा आपको मालूम नहीं है. घर जाएँगे तो मालूम हो जाएगा, फिर कल आ जाएँगे."

मी मान खाली घातली.

"भाभी तो आई थीं," तो म्हणाला.

"कुठे?" माझ्या तोंडून मराठी गेलं.

"यहीं. उसी हफ़्ते. इसी कपड़े में डिब्बा लेकर. फिर एक बार और. रोती थीं, कहती थीं मालिक के पास जाती हूँ. हमने क़सम दे दी. कहा, आप मत जाइए, ये बात भाई साहब के कहने की है. वो खरे आदमी हैं, कहेंगे. हम इंतज़ार कर लेंगे."

मला हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. बसने एकटी आली होती, एकटीने कुठे जायला घाबरणारी बाई, दोनदा. आणि मग दर उन्हाळ्याला मला विचारत राहिली. मला वाटायचं एकटी ती विचारतेय. ते दोघं वाट बघत होते. मी खरा माणूस आहे, या भरवशावर.

"किया इंतज़ार," चाचा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिथून मी सरळ मालकाच्या शेडवर गेलो. त्याने खुर्ची दिली, बेलाचं सरबत मागवलं, बायकोचं ऐकून हळहळला. मी ग्लास बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पानं कुणी ठेवली, का ठेवली, मी कधीपासून जाणतो. मालकाचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, "बहुत पुरानी बात हो गई, भाई साहब. जो गुज़र गईं उनका नाम अब क्यों… जाने दीजिए."

"जाने नहीं देना है. चाचा को बुलाकर सबके सामने कहिए."

"देखते हैं."

"देखते हैं नहीं," मी म्हणालो. "मैं यहीं बैठा हूँ."

दोन तास बसलो. सरबत गरम झालं. शेवटी त्याने चाचाकडे माणूस धाडला, उद्या सकाळी या म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. चाचा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आला. पांढरा कुर्ता, कडक इस्त्रीचा, डोक्याला टोपी. मालकाने बायकांचं काम थांबवलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की त्या वेळी यांच्यावर चुकीचा आळ आला होता, शेडला त्याचं दुःख आहे. मीही उभा राहून म्हणालो, आळ मी घेतला होता आणि खरं मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

बायका बघत होत्या. करोनानंतर सगळ्या नवीन आलेल्या. एकीलाही चाचा कोण ते माहीत नव्हतं, जपान माहीत नव्हतं. एक शेजारणीला हळूच विचारत होती, "कौन हैं ये लोग?" ज्यांच्यासमोर त्याचं नाव गेलं होतं त्यातलं तिथे कुणीच नव्हतं. चाचा सगळ्यांना आदाब करत होता. मग तो टेबलाशी गेला, एक आंबा उचलला, अंगठ्याने देठ चाचपला आणि परत ठेवायला गेला तर हाताच्या कंपाने आंबा खाली पडला. पोरी हसल्या. मुद्दाम नाही, पण हसल्या.

मालकाने त्याला विचारलं, शेडवर येऊन बसाल का, पोरींना शिकवाल? चाचा म्हणाला, "अब कहाँ, मालिक. दिखता नहीं."

नातीने सगळं इंग्रजीत लिहून दिल्लीच्या त्या मुलीच्या जुन्या नंबरवर पाठवलं. पान कसं गेलं, कुणी ठेवलं, का ठेवलं. मी सांगितलं, लिही, आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत. तिने लिहिलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. अजून उत्तर नाही. ते गृहस्थ आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही.

त्या दिवशी शेडवरून निघताना चाचाच्या मुलाने माझा डबा आणून दिला, त्याच निळ्या कापडात बांधलेला. जड होता. आत चार दशहरी होत्या, धुतलेल्या.

घरी येऊन एक देवापुढे ठेवली. सून स्वयंपाकघरात होती, नात कामावर. जरा वेळ तिथेच बसून राहिलो.

कुणी विचारलं नाही.